उंटस्वाराचे डोळे

बाळांनो,

परवा फोनवर धाकटीने विचारले, "आजी, रोमन सैन्यात उंटसुद्धा होते, माहीत आहे तुला?" मी हो म्हटले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हसत बसले. तुमच्या पणजोबांना दृष्टी परत मिळाली ती या उंटांमुळे. हे जाणणारी मी एकटीच आता उरले आहे, म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

साठ सालानंतर लवकरच मी लग्न होऊन उमरखेडला आले. माहेर नागपूरचे, शिक्षण बी. ए., विषय इंग्रजी. तुमचे आजोबा यवतमाळला कचेरीत होते, शनिवारी घरी येत. सासऱ्यांनी, म्हणजे तुमच्या पणजोबांनी, वकिली थांबवली होती. रोज सकाळी ते सायकलवरून ढाणकीच्या रस्त्यावरच्या शेतावर जात.

आमच्याकडे सुनेने सासऱ्यांशी थेट बोलायची पद्धत नव्हती. काही सांगायचे असले तर सासूबाईंना सांगायचे, तेही त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. वाचनाला मात्र मुभा होती. दुपारचा चहा झाला की ते म्हणत, "सूनबाई, घे पुस्तक. तुये इंग्रजी उच्चार सुटाले नको." मी डोक्यावर पदर घेऊन दाराच्या आत बसे, ते ओट्यावर खुर्चीत. सासूबाई माझ्याजवळ तूर निवडत असत. त्यांच्यासाठी मी मधूनमधून मराठीत सांगे.

त्या हिवाळ्यात रोमचा इतिहास चालला होता. वाळवंटातल्या प्रांतांत रोमन सैन्य तिथल्याच लोकांना उंटस्वार म्हणून भरती करी. पायदळाच्या तुकडीत असे थोडे स्वार असत. ते रस्त्यांवर पहारा देत, निरोप पोचवत. घोडे उंटाच्या वासाने बुजतात, हेही त्या प्रकरणात होते. सासऱ्यांना ते फार आवडले. "उंटावरून लढत असन का खाली उतरून?" असे ते मला नव्हे, पुस्तकाला विचारत.

त्याच आठवड्यात काठेवाडी लोक मेंढ्या आणि उंट घेऊन आमच्या दारावरून गेले. हिवाळ्यात ते आमच्या भागात चराईला येत. घंटांचा आवाज ऐकून सासरे उठून उभे राहिले. उंट डावीकडे वळून नाल्याकडे उतरले. उजवीकडून जिनिंगच्या कारखान्याकडे निघालेली कापसाची गाडी येत होती, दोन्ही बाजूंनी फुगलेली, हलतडुलत. सासऱ्यांनी तिच्याकडे बोट केले.

"काय डौल हाय पाहा! रोमचा उंट असाच असन."

सासूबाई आत होत्या. दारात मी एकटीच होते. माझ्या उच्चारांची काळजी त्यांना का वाटते, ते मला तेव्हा कळले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकल काढणार होते. त्या रस्त्यावर बैलगाड्या असत, एसटी असे.

तुमच्या आजोबांना सांगून उपयोग नव्हता. दिवाळीत त्यांनी एकदा डोळ्यांचा विषय काढला, तर उत्तर मिळाले होते, "तुयापेक्षा चांगलं दिसते मले." सासूबाईंकडून निरोप गेला असता तर आळीभर झाला असता.

म्हणून त्या दुपारी मी त्याच पुस्तकात, त्याच आवाजात, इंग्रजीत भर घातली. एका तुकडीत एक म्हातारा उंटस्वार होता. वर्षानुवर्षे तो सगळ्यांना वाट दाखवी. त्याच्या डोळ्यांवर पडदा आला, पण त्याने कोणाला सांगितले नाही. एकदा त्याने खडकालाच उंट समजून वाट सोडली…

"थांब. हे कोन्या पानावर हाय?"

मी सासूबाईंकडे पाहिले. "याच पानावर आहे म्हणावं."

"याच पानावर हाय म्हणते," सासूबाई म्हणाल्या. "पण काय हाय? मले सांग न मराठीत."

मी पदर पुढे ओढला.

"हे पुस्तक म्या आधी वाचलं हाय," सासरे म्हणाले. "त्यात असा म्हातारा नाही." मग म्हणाले, "त्याले सैन्यानं काढून टाकलं का?"

मी नजर पानावरच ठेवली आणि इंग्रजीत वाचले: नाही. सैन्याजवळ डोळ्यांचे वैद्य होते. त्याला त्यांच्याकडे पाठवले.

"सूनबाई, मघा म्या उंट म्हणून काय दाखवलं?"

"कापसाची गाडी," मी म्हटले. सासऱ्यांना थेट दिलेले ते माझे पहिले उत्तर.

सासूबाईंचा हात सुपात थांबला. "कोनाले गाडी उंट दिसली?"

"मले. मले दिसत नाही आता."

"अगं बाई! आन् सायकल हाणून राह्यले हे गावभर! काहून सांगितलं नाही?"

"सायकल नेली असती तुमी."

"नेईनच न! आता उंटच पाहा बसाले."

सायकल त्याच दिवशी तुरीच्या कोठीत गेली. शनिवारी तुमचे आजोबा आले आणि सासरे मुकाट्याने त्यांच्यासोबत यवतमाळला गेले. तेव्हा मोतीबिंदू काढल्यावर डोके न हलवता पडून राहावे लागे. सासूबाई उशाशी पहारा देत. डोळे उघडले, पण जाड भिंगांशिवाय काही दिसेना. चष्मा आला तसे ते स्वतः वाचू लागले. अडले की मला विचारत, आणि मी सरळ उत्तर देई.

उमरखेडचे घर आता आपले नाही, शेतही नाही. तो चष्मा माझ्या कपाटात आहे. त्याची उजवी काडी दोऱ्याने बांधलेली आहे.