निळ्या गाढवावरची लेकुरवाळी

फ्रेमवाल्यानं मागचा पुठ्ठा सोडवला, काच उचलली आणि खडूच्या भुकटीचा कोरडा वास नाकाशी आला. भिंतीला ओल आली म्हणून चित्राची चौकट बदलायला नेली होती. "ताई, बाईच्या कपाळावर लाल डाग पडलाय बगा. पुसून देऊ?" "नको!" मी इतक्या जोरात म्हणाले, की तो हात मागं घेत पुटपुटला, "ऱ्हाऊ दे की मग, माझं काय जातंय!"

राजा बाळांच्या जिवावर उठला म्हणून मरिया तान्ह्या येशूला घेऊन रातोरात परमुलखात निघाली, त्या गोष्टीचं हे चित्र. कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या आमच्या शेजारणीनं, चित्रकला शिकवणाऱ्या ख्रिस्ती बाईंनी काढलेलं. स्वप्नात दिसावं तसं सगळं. गाढव निळं, त्याचे पाय जमिनीला टेकतच नाहीत. चंद्र वर नाहीच, तो वाटेत पडलेला. पुढं चालणारा योसेफ धुक्यात अर्धा विरघळलेला, आणि दोन्ही अंगांना खजुरीऐवजी आमच्या बावड्याचा तुरे आलेला ऊस. पेस्टल खडूचा रंग कागदावर नुसता टेकलेला असतो, जवळ जाऊन श्वास सोडायचीही भीती वाटते. काही वर्षांपूर्वी बाईंच्या घरी रंगकाम निघालं होतं, म्हणून प्रदर्शनाला जायचं ते चित्र दोन दिवस आमच्याकडं ठेवलेलं, बिनकाचेचं.

दुसऱ्या दिवशी देवपूजा आटोपून आईनं मरियेला कुंकू लावलं. ओल्या बोटानं, चांगलं दाबून. कपाळाचा फिकट गुलाबी रंग भुवईपर्यंत फरफटत गेला.

मी तोंडाला येईल ते बोलले. अडाणी म्हणाले, कशाला हात लावावा तेही कळत नाही म्हणाले. ती बावरून एवढंच म्हणाली, "अगं, तान्हं लेकरू घिऊन लांब निगालीया पोर, आन् कपाळ मोकळं. म्हायारचं कुनी न्हाय व्हय तिला बोळवायला?"

संध्याकाळी बाई आल्या. बराच वेळ चित्राकडं बघत राहिल्या, मग आईचा हात धरून म्हणाल्या, "खरं सांगू, आई? हिला निरोप द्यायला कुणीच आलं नव्हतं." प्रदर्शनाला दुसरं चित्र गेलं, हे त्यांनी आईलाच दिलं. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी असं सहज सोडून दिलं. मला मात्र माझे शब्द मागं घेता आले नाहीत, किंवा घ्यायचं सुचलं नाही म्हणा.

तेव्हा मी पुण्याला नोकरी करत होते. सुट्टी संपवून निघताना आई कुंकवाचा करंडा घेऊन दारात यायची आणि माझं आवरलेलं केस-कपाळ न बघता बोट टेकवून मोकळी व्हायची. मी कुरकुरायचे. त्या दिवसानंतरही ती येत राहिली, पण समोर उभी राहून आधी विचारायची, "लावू का गं?" मी घाईत बॅगेची चेन ओढत "लाव की" म्हणायचे आणि कपाळ पुढं करायचे. त्या तीन अक्षरांनी सगळं भरून निघतं असं मला वाटायचं.

आई गेल्यावर मी कोल्हापूरला परतले. आता त्या दारातून रोज बाहेर पडते आणि रोज थोडी थांबते, उगीचच. सहा वर्षं ती माझ्या कपाळाला हात लावायची परवानगी मागत राहिली. "विचारतेस काय, आई?" एवढं मी एकदाही म्हटलं नाही.