गादीवर आधी मी

"उतर खाली."

कारभाऱ्यानं एवढंच म्हटलं. मी धाकट्या सरकारांच्या मोटारीत बसलो होतो, दोन्ही हात मांडीवर ठेवून. गादी मीच शिवलेली. दारांच्या आतलं कातडं, पाठीची टेकण, सगळं मीच बसवलेलं. बसलो होतो तेही कामासाठीच.

कारभाऱ्याच्या मागं धाकटे सरकार उभे होते. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कारभाऱ्याला म्हणाले, "गाडी शुद्ध करून घ्या." आणि गेले. मी उतरलो. कान तापले होते. तोंडातून शब्द फुटला नाही, याची मला आजही चीड येते.

आम्ही उंब्रजकडचे चांभार. थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचो, सरकारांच्या, म्हणजे गावच्या इनामदारांच्या, विहिरींच्या कातडी मोटा शिवायचा. त्यावर घर चालायचं. मी लढाईत लष्करात गेलो, पण हातात बंदूक नव्हती, दाभण होतं. मोटारींच्या गाद्या शिवायचो. आमच्या तिथल्या उस्तादाचा नियम होता, बसून बघितल्याशिवाय गादी सोडायची नाही. माणसाचं वजन पडल्यावरच कळतं, कातडं कुठं ओढतंय, कुठं सुरकुती राहिलीय. माझ्यानंतर त्या गाद्यांवर गोरे साहेब बसायचे. त्यांना काही झालं नाही.

लढाई संपली, घरी आलो. सरकारांची ही गाडी विलायती, शर्यतीची, दोनच माणसांची. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून उभी होती, उंदरांनी आतलं सगळं फस्त केलं होतं. ते नव्यानं करायचं काम मला दिलं. अशी हलकी की तबेल्यापाशी चिखलात रुतली तेव्हा आम्ही चौघांनी उचलून बाहेर काढली. "लाव रं खांदा," कारभारी मला म्हणाला होता. खांदा लावला, तेव्हा विटाळ झाला नाही.

त्या रिकाम्या तबेल्यात मी एकटा काम करायचो. दुपारी गडी यायचा, दगडावर भाकरी ठेवून मागं सरायचा. पाणी वरून ओंजळीत. लष्करात शेजारी बसून जेवायची सवय लागलेली, त्यामुळं इथली भाकरी गोड लागायची नाही. दिवसच्या दिवस कुणी बोलायचं नाही. शेवटी मी गाडीशीच बोलायला लागलो. दाराचं कातडं ताणून बारके खिळे ठोकताना म्हणायचो, "हलू नगं बाई, झालंच." हसू नका. दुसरं होतंच कोण?

मला उतरवल्यावर भटजी आले. दर्भानं गोमूत्र शिंपडलं. गादीवर, दारांवर, सगळीकडं. नवं कातडं ते, प्यायलं सगळं. वाळल्यावर काळे डाग उठले, देवीच्या वणांसारखे.

ते कातडं गाईचंच होतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गाईचं कातडं सरकारांच्या पाठीला चालतं. गाईचं मूत गाडी शुद्ध करतं. मधला मी तेवढा विटाळ.

मग सांगावा आला, कातडं खराब लावलंस, येऊन बदल. चोराच्या उलट्या बोंबा. दादा म्हणाला, "जा गड्या. पाय धर. मोटांचं काम गेलं तर पोरं काय खातील?" दादाचं खोटं नव्हतं. म्हणून मी गेलो.

धाकटे सरकार गाडीपाशीच होते. नवं कातडं आणून ठेवलेलं. मी वाकून मुजरा केला नाही. म्हटलं, "बदलतो, सरकार. पर झाल्यावर मी बसून बघणार. तुमच्या म्होरं."

कारभारी उसळला. "लष्करात जाऊन मस्ती आली व्हय रं?"

"बसल्याबिगर गादी व्हत न्हाई."

सरकार पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. "हातानं दाबून बघ."

"हातावर कोण बसतंय, सरकार?"

मी दाभण, रापी, हातोडी पिशवीत भरली आणि निघालो. भीती वाटत होती, लय वाटत होती. पण मागं वळलो नाही.

दादाचं मोटांचं काम गेलं. सरकारांनी दुसऱ्या गावचा चांभार आणला. दादानं माझं नाव टाकलं. मी घर सोडलं तेव्हा आई दारात उभी होती, पण दादासमोर तिनं मला हाक मारली नाही. त्या दिवशीचं तिचं गप्प बसणं मला कारभाऱ्याच्या शब्दांपेक्षा जास्त लागलं. माझ्या मानाची किंमत दादाच्या पोरांनी भरली, हे मी विसरत नाही. पण ती मी लावलेली किंमत नव्हे, सरकारांनी लावलेली.

आता मी मिरजेत असतो. स्टेशनाजवळच्या खोलीत टांग्यांच्या, मोटारींच्या गाद्या शिवतो. सणाला एकटाच जेवतो. गावाकडचं माणूस रस्त्यात दिसलं तर तेच नजर चुकवतं. हे सोसत नाही, पण सोसतो.

गादी झाली की गिऱ्हाइकाला समोर उभं करतो आणि आधी मी बसतो. टेकतो, पाय पसरतो. काही जण तोंड वाकडं करतात, काही शिव्या देऊन जातात. जाऊ देत. मी शिवलेल्या गादीवर पहिला मी बसणार. ज्याला चालत नाही, त्यानं भुईवर बसावं.