चाक वाजवणारे मामा

त्या कारखान्यात मामा कुणाचेच मामा नव्हते आणि तरी सगळ्यांचे होते. मालक त्यांच्याहून वयानं मोठे, पण तेही ‘मामांना विचारा’ असंच म्हणत. विचारायचं असे ते एकच: हे चाक लावायचं की नाही?

कारखाना ओतीव लोखंडाचे भाग घासून देणारा. भिंतीलगत ग्राइंडरची रांग, आणि प्रत्येक ग्राइंडरवर ताटाएवढं, दगडासारखं टणक चाक. ते झिजलं की नवं लावायचं. खोक्यातून निघालेलं नवं चाक आधी मामांच्या हातात जाई. मधल्या भोकात बोट घालून मामा ते लोंबतं धरत, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं त्याला हलकेच ठोकत आणि डोळे मिटून ऐकत. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं, आवाज जरा वेळ हवेत रेंगाळतो. आत केसाएवढी जरी चीर असली तरी फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. ती चीर डोळ्यांना दिसेलच असं नाही. पण चाक भरवेगात फिरू लागलं की तिथूनच फुटतं, आणि तुकडे काही घरी कोण कोण आहे ते विचारून उडत नाहीत.

मामांनी हे पाहिलं होतं. उमेदवारीच्या काळात, दुसऱ्या एका कारखान्यात, शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा डोळा असाच गेला होता. ते चाक लावण्याआधी वाजवून बघावं असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तेव्हापासून चाकाच्या बाबतीत मामा कुणाचं ऐकेनासे झाले.

बाकी बाबतींतही ते काही कमी नव्हते. कुणाची सैल बाही दिसली की स्वतः जाऊन दुमडत. कुणी चष्मा कपाळावर चढवून काम करताना दिसला की ‘तुझे डोळे कपाळावर आहेत का रे?’ म्हणून चारचौघांत विचारत. नवं चाक लावलं की समोर उभं राहायचं नाही, बाजूला होऊन बटण दाबायचं, थोडा वेळ रिकामं फिरू द्यायचं आणि मगच कामाला हात लावायचा, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की लोक त्यांच्या सुरात त्यांची नक्कल करत. नक्कल करत, पण बाजूलाही होत.

एका गोष्टीत मात्र मामा स्वतःच नियमाबाहेर होते. मशिनींच्या कल्लोळात सगळ्यांनी कानात बोळे घालायचे असा दंडक होता. मामा घालत नसत. माझं पोट कानांवर आहे, म्हणत, कान बंद करून बसलो तर चाक काय बोलतंय ते मला कळायचं कसं? यावर कुणाजवळ उत्तर नसे. खरं तर उत्तर सोपं होतं: चाक वाजवताना काढा की. पण मोठ्या माणसाला सोपं उत्तर द्यायला कुणी धजत नाही. त्यामुळे झालं काय, ज्या कानांवर सगळा कारखाना विसंबून होता, तेच तेवढे उघडे राहिले, आणि मशिनींनी लोखंडाबरोबर तेही रोज थोडे थोडे घासले.

पुढे चाकं बिघडायला लागली. म्हणजे मामांना तसं वाटलं. खोक्यातलं एखादं चाक परत जायचं, तिथं अर्धंअधिक खोकं परत जाऊ लागलं. मामा हळहळत. पूर्वीचा माल राहिला नाही, पैसा घेतात आणि माती भाजून देतात, असं दुपारच्या सुट्टीत सांगत. माल पुरवणारा माणूस येऊन कुरकुरला, फोरमन हसत हसत म्हणाला की मामांच्या पसंतीला उतरेल असं चाक अजून बनायचंय. मामांनी त्याकडे दुर्लक्ष केलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांना पाठ होती, पण आपल्यावरही ती लागू पडेल हे कधी कुणाच्या डोक्यात येतं?

घरीही सगळं असंच चाललं होतं. मामी पूर्वी बोलक्या होत्या. मामा कामावरून आले की ओट्यापाशी काम करता करता त्यांचं बोलणं सुरू व्हायचं ते जेवण होईपर्यंत. आता त्या गप्प असत. मामांना वाटे, वय झालं, बायको शांत झाली. चांगलंच आहे.

मग एकदा त्यांच्या उशाशी ठेवलेल्या घड्याळाचा गजर वाजेनासा झाला. पीपपीप असा बारीक गजर करणारं ते छोटं घड्याळ घेऊन मामा घड्याळजीकडे गेले. त्यानं काटे फिरवले, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि मान वर केली. ‘वाजतंय की,’ असं त्यानं म्हटल्याचं मामांना ओठांवरून कळलं. त्यांनी घड्याळ उचलून कानाला लावलं. काही नाही. दुसऱ्या कानाला लावलं. तिथंही काही नाही. दुकानात आलेल्या एका बाईनं तेवढ्यात वैतागून कानांवर हात ठेवले, आणि मामांच्या पायाखालची जमीन सरकली.

माणसांचं बोलणं त्यांना बरंचसं ऐकू येत होतं, समोर असलं तर. मशिनींची घरघर तर पोटातच ऐकू येई. गेला होता तो फक्त वरचा, बारीक, खणखणीत आवाज. म्हणजे नेमका तोच. खाली उरला होता तो बद्द ठोका, आणि तो प्रत्येक चाकातून येतच असतो.

शहाण्या माणसानं दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं असतं. मामा शहाणेच होते, पण घाबरले. कारखान्यात कान नसलेल्या मामांना कोण विचारणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत त्यांनी मूठ झाकून ठेवली. पण चाकं परत पाठवत राहिलो तर संशय येणार, म्हणून ती पसंत करायला लागले. उजेडात धरून निरखत, कडेवरून बोट फिरवत, ठोकल्यावर बोटाला काही थरथर जाणवते का पाहत, आणि शेवटी अंदाजपंचे दाहोदरसे करून ‘लावा’ म्हणत. फोरमन खूश झाला, बरा माल यायला लागला म्हणाला. मामांची झोप उडाली. ग्राइंडर सुरू झाला की त्यांचा जीव खालीवर होई आणि सुट्टीची घंटा होईपर्यंत थाऱ्यावर येत नसे.

आणि अशातच ताईच्या मशीनचं चाक झिजलं. ताई म्हणजे त्या रांगेतली सगळ्यांत सफाईदार कामगार. आली तेव्हा ग्राइंडरच्या ठिणग्यांना भिऊन मागे सरायची. मामांनीच तिला उभं कसं राहायचं इथपासून शिकवलं होतं. नवं चाक आलं त्या खोक्याचा एक कोपरा दबलेला होता. मामांच्या ते लक्षात आलं. त्यांनी चाक बोटावर धरलं, ठोकलं, डोळे मिटले. नेहमीचाच ठोका. त्यांनी नेहमीप्रमाणे निरखलं, बोट फिरवलं आणि चाक तिच्या हातात दिलं.

ताईनं चाक चढवलं, नट आवळला, वरचं झाकण बसवलं. बाह्या दुमडलेल्या, चष्मा डोळ्यांवर. मग समोरून हटून ती मशीनच्या बाजूला उभी राहिली आणि बटणाकडे हात नेता नेता मामांकडे बघून हसली. तिनं तिच्या वाटचं सगळं चोख केलं होतं. राहिलं होतं ते फक्त मामांच्या वाटचं. मामांना ते हसू सहन झालं नाही.

“ताई, बटण दाबू नकोस.” मामा इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारचे दोघे थांबले. “ते चाक काढ आणि तूच वाजवून बघ.”

ताई गोंधळली. “मामा, आत्ताच तुम्ही वाजवलंत ना?”

“वाजवलं. पण ऐकलं नाही.” मामा तिच्याजवळ गेले. “मला ऐकू येत नाही, ताई. बरेच दिवस झाले.”

ताईनं नट सैल केला, चाक उतरवलं, मामांसारखंच बोटावर धरलं आणि ठोकलं. मामांनी डोळे मिटले नाहीत, ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिनं पुन्हा ठोकलं, जरा दुसरीकडे. मग खोक्यातलं दुसरं चाक काढून ते ठोकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्यावरून दुसरं चाक कसं वाजलं ते मामांना ऐकल्यासारखं कळलं. तिनं पहिलं चाक अलगद खाली ठेवलं.

“हे बद्द आहे, मामा.”

नापास चाक चुकूनही कुणी लावू नये म्हणून ते फोडून टाकायचं, अशी तिथली रीत. फोरमननं हातोडी घेतली. एकाच घावात चाकाचे दोन तुकडे झाले, आणि तुटलेल्या कडेवर भोकापासून निघालेला जुन्या चिरेचा मळकट पट्टा सगळ्यांनी पाहिला. मामा एका रिकाम्या खोक्यावर मटकन बसले. कितीतरी दिवसांत इतकं हलकं त्यांना वाटलं नव्हतं. ताई धडधाकट समोर उभी होती. मामांचा जीव भांड्यात पडला आणि मग ते रडले, सगळ्यांसमोर, रुमाल न शोधता.

सगळी मशिनं बंद झाली. मामांनी अलीकडे पसंत केलेलं प्रत्येक चाक उतरवून वाजवलं गेलं. सगळी खणखणीत निघाली, आणि एकेक पास होत गेलं तसा मामांचा श्वास मोकळा होत गेला. त्याआधी नापास करून परत पाठवायला ठेवलेलीही बहुतेक खणखणीतच निघाली. माल पुरवणाऱ्याला हे कळल्यावर तो मिठाईवाल्यासारखा गोड हसत आला, आणि ते हसू मामांनी निमूट सोसलं.

मालकांनी मामांना बोलावून आधी चांगलंच फैलावर घेतलं. ऐकू येत नाही हा गुन्हा नाही, ते लपवलंत हा आहे, म्हणाले. मामांनी मान खाली घातली. मग मालक स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले की एका माणसाच्या कानावर अख्खा कारखाना ठेवला, हा मात्र आपला मूर्खपणा. त्या दिवसापासून नियम बदलला: ज्याचं चाक, त्यानं वाजवायचं. शिकवायचं मामांनी. मामा शिकवतात, आणि उरलंसुरलं वाचावं म्हणून बोळे घालतात.

त्या संध्याकाळी मामा घरी गेले तेव्हा मामी ओट्यापाशी पाठमोऱ्या होत्या. मामांनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, समोर बसले आणि घड्याळजीपासून फुटलेल्या चाकापर्यंत सगळं सांगितलं. नोकरी राहिली हेही सांगितलं. मामी ऐकत होत्या, पण नोकरीचं ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“म्हणजे तुम्हाला ऐकूच येत नव्हतं?” त्यांनी विचारलं.

मामांनी होकाराची मान हलवली.

“मी मागून बोलायचे, तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत.” मामींचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. “मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला. म्हणून मी बोलणंच सोडलं.”

मामा घाबरून उठायला लागले, पण मामींनी त्यांना परत खाली बसवलं. गॅस बंद केला, दिवा लावला आणि आपली खुर्ची पुढे ओढून, आपले ओठ त्यांना नीट दिसतील अशा त्या बसल्या.

“काय काय बोललीस तेव्हा?” मामांनी विचारलं.

“पुष्कळ,” मामी म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.