बिघाड असेल तरच फोन

मी आयुष्यभर मीटरचे काटे पाहिले. खापा गावाच्या अलीकडे, कन्हान नदीच्या काठावर पाणी उपसणारं एक पंपहाउस होतं, तिथं मी ऑपरेटर होतो. दर तासाला व्होल्टेज, अँपिअर आणि प्रेशर पाहायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. नियम दोनच. मीटर न पाहता अंदाजानं आकडा लिहायचा नाही, आणि फोन उचलायचा तो काही बिघडलं तरच. सगळं ठीक असेल तर साहेबाला कळवायची गरज नाही, नळाला पाणी आलं म्हणजे त्याला कळतंच. हा दुसरा नियम माझ्या अंगात इतका मुरला, की सासुरवाडीहून फोन आला तरी मी आधी विचारायचो, काय बिघडलं?

आता मी आणि बायको, दोघंच नागपुरात हुडकेश्वरच्या घरात असतो. मुलगी नोकरीसाठी बंगलोरला गेली ती लॅपटॉप घेऊन. तिच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा मोठा कॉम्प्युटर तिच्या खोलीतच राहिला. त्याच्या कीबोर्डवर कोलनचं, म्हणजे एकावर एक दोन टिंबांचं चिन्ह पुसून गेलं होतं, म्हणून तिनं त्या बटणावर आईची लाल टिकली चिकटवली होती. ती अजून आहे. कॉम्प्युटर मात्र पार थकलाय. सुरू व्हायला अकरा मिनिटं घेतो. मी घड्याळ लावून मोजलंय. सीताबर्डीच्या दुकानदाराला दाखवला तर तो म्हणाला, बाबूजी, अब इसको आराम दो. मला राग आला. कॉम्प्युटर त्या टेबलावरून उठला तर ती खोली नुसती खोली राहील, हे त्या दुकानदाराला कसं सांगणार?

बायकोचा आणि मुलीचा फोन रोज चालतो. कढीत काय घातलं, शेजारीण काय म्हणाली, कशाचा कशाला पत्ता नसतो. मी बाहेर पेपर धरून बसतो आणि एक ओळ वाचत नाही. शेवटी बायको विचारते, बोलायचं आहे का. मी नाही म्हणून मान हलवतो. काही बिघडलेलं नसतं ना.

कॉम्प्युटर फारच अडकायला लागला तेव्हा मला हक्काचं कारण मिळालं. मी स्वतः फोन लावला. तिनं दूरवरून माझा पडदा पाहिला आणि कुठला प्रोग्राम किती खातो ते एका खिडकीत उघडून दाखवलं. ती खिडकी मला पटली नाही. बारीक अक्षरं, पन्नास ओळी. पंपहाउसमध्ये तीन काटे पुरायचे, असं मी म्हटलं. तर ती म्हणाली की मग तुमची खिडकी तुम्हीच बनवा, मी शिकवते.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या म्हातारपणातले सगळ्यात चांगले. ऐन उन्हाळा होता, कूलरचं पाणी भरून मी सकाळीच बसायचो. पायथन नावाच्या भाषेत दोन ओळी लिहायच्या, तिसरी चुकायची, आणि चुकली की फोन करायचा. तिला जेवणाच्या सुटीत वेळ असायचा. डबा खाता खाता ती मला सांगायची, ओळ थोडी आत सरकवा, कंस बंद करा. मला तिच्या डब्याचं झाकण वाजलेलं ऐकू यायचं.

पहिल्यांदा खिडकी चालली तेव्हा प्रोसेसरचा आकडा निम्म्याच्या खाली येईना. दोन दिवस मी चोर शोधला. चोर माझाच प्रोग्राम निघाला. न थांबता, श्वास न घेता तो आकडे विचारत सुटला होता. कुंपणच शेत खात होतं. मुलगी पोट धरून हसली आणि म्हणाली की दर दोन सेकंदांनी एकदाच विचारा, तुमच्या पंपालाही तुम्ही तासातून एकदाच विचारत होता. तापमानही दाखवायचं होतं, ते जमलं नाही. नागपूरच्या मे महिन्यात ते कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला तरी कळतं.

शेवटी खिडकीत तीन ओळी राहिल्या. नावं मी मराठीत दिली. प्रोसेसरला मेहनत, डिस्कला जागा, आणि मेमरीला आठवण. तिनं पडदा पाहिला.

"बाबा, मेमरीले आठवण नाही म्हणत."

"मग काय म्हणते?"

ती म्हणाली, राहू द्या. आठवण ८७ टक्के, असं तिथं दिसत होतं. जुन्या मशीनमध्ये ती कायम भरलेलीच असते.

प्रोग्राम पुरा झाला आणि माझी पंचाईत झाली. तिन्ही आकडे दर दोन सेकंदांनी बदलत होते, एकही चूक नव्हती. चार दिवस मी ते पाहत बसलो. पाचव्या दिवशी बाराव्या ओळीतला कोलन मी आपल्या हातानं पुसला, प्रोग्राम बंद पडला आणि मी फोन लावला. तिनं दुरुस्त करून दिला. पुढच्या आठवड्यात तिसाव्या ओळीतला काढला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, बाबा, हा कोलन मागच्या वेळी होता. मी म्हटलं, उंदरानं खाल्ला असेल. ती हसली, पण मी पकडला गेलो होतो, आणि या वयात चोरी पकडली गेली की माणूस फार ओशाळतो. त्यानंतर मी फोनच केला नाही.

दोन आठवडे गेले. दुपारी डब्याच्या वेळी मी उगाच घरभर फिरायचो. कॉम्प्युटर लावणंही सोडलं. तो ठीक चालतोय हे पाहावत नव्हतं. बायकोनं काही दिवस पाहिलं आणि मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमाले पोरीशी बोलायले बिघाड काहून लागते जी? मशीन आहे का ते?"

मी मुलीच्या खोलीत गेलो, टिकलीवर बोट ठेवून थोडा वेळ बसलो. आणि फोन लावला. तिनं उचलला आणि माझ्यासारखंच विचारलं, काय बिघडलं. पोरगी माझीच.

"काही नाही बिघडलं," मी म्हटलं. "तुझी आठवण येऊन राहिली वं."

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं नाही. ती म्हणाली, "किती टक्के?"

समोरचा पडदा काळा होता. मी मीटर न पाहता आकडा सांगणारा माणूस नाही.

"थांब, पाहून सांगतो," म्हटलं आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

त्याला अकरा मिनिटं लागतात हे तिलाही माहीत होतं. तिनं फोन ठेवला नाही.