कराचीची शिदोरी

आमच्या अव्वेला, म्हणजे आईला, मैल कळत नसत. लांब-जवळ ती शिदोरीवरून ठरवायची. कराची म्हणजे दुधातल्या दशम्या, शेंगापोळ्या आणि शेंगाचटणी, सगळं वेताच्या करंडीत घालून वर फडक्याची गाठ. वळसंग म्हणजे काहीच नाही. माझी अक्का कराचीला दिलेली आणि मी वळसंगला. ती सासरी निघायची तेव्हा आमच्या सोलापूरच्या घरात दोन दिवस चूल विझायची नाही. मला मात्र कुंकू लावून अव्वा म्हणायची, "जेवून निघ की. दिवस बुडायच्या आत पोचतीस."

माझा अगदी तिळपापड व्हायचा. अव्वेनं एकदा तरी माझ्यासाठी दुधात पीठ भिजवावं, एवढंच मला हवं होतं.

त्या वर्षी दोघी एकदमच माहेरी आलो होतो. मेहुणे अक्काला न्यायला आले. ते कराचीला कापसाच्या पेढीत होते, आणि मालकाला ते तातडीनं हवे होते. टपालाचं विमान तेव्हा नुकतं सुरू झालेलं. मालकानं मुंबईहून त्यातल्याच दोन जागा काढून दिल्या. विमानात बसणारी बाई बघायला अख्खी गल्ली लोटली. मी ओसरीवर शेंगा फोडत जळत बसले. तेवढ्यात मेहुणे कुणाला तरी सांगताना ऐकलं, "सकाळी मुंबईत बसलं की दिवस मावळायच्या आत कराची." म्हणजे आमची बैलगाडी वळसंग गाठते तसंच, दिवस बुडायच्या आत. मला फार बरं वाटलं. मी उठून आत गेले.

"अव्वा, आता कराची न् वळसंग सारकंच की. तिलाबी जेवूनच पाठव."

"वेळ सारका आसंल," अव्वा परातीतून मान वर न काढता म्हणाली. "मदी समुद्र हाय न्हवं."

करंडी नेहमीपेक्षा जड झाली.

आमचा भाऊ त्यांना मुंबईला पोचवायला गेला आणि करंडी तशीच घेऊन परत आला. विमानात सामानाबरोबर माणसंही तोलून घेतात म्हणे, आणि वजन जास्त भरलं. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याच दिवशी नवरा मला न्यायला आला होता. अव्वेनं गाठ न सोडता करंडी आमच्या गाडीत ठेवली.

"ने की. वाया जाईल." मग बैल चालायला लागले तशी ती वर आभाळाकडं बघत म्हणाली, "उपाशीच गेली गं माझी लेक."

गावाबाहेर पडल्यावर मी गाठ सोडली. शेंगापोळी खुसखुशीत होती. चटणी जाळ होती, अक्काला लागते तशी. मला तिखट सोसत नाही, हे अव्वेला ठाऊक होतं. जन्मात पहिल्यांदा मला माहेरची शिदोरी मिळाली होती, आणि तिच्यातला एक घासही माझ्यासाठी केलेला नव्हता.

गाडी हाकता हाकता नवऱ्यानं पोळीसाठी मागं हात केला. मी करंडी पदराखाली ओढली आणि वळसंग येईपर्यंत एकटीच खात राहिले.