नथूची दुपार

कामणच्या गोदामात रात्रपाळीला लागल्यापासून नथूची झोपच उडाली होती. सकाळी घरी यायचा, पेज प्यायचा, आडवा व्हायचा. डोळे मात्र टक्क उघडे. खाडीकाठच्या भातशेतीत वाढलेला माणूस तो. सूर्य वर असताना निजायचं म्हणजे त्याला चोरी केल्यासारखं वाटे. मागच्या महिन्यात घरी परतताना स्कूटरवरच डुलकी लागली आणि स्वारी गाडीसकट रस्त्याकडेच्या चिखलात गेली. हातपाय शाबूत राहिले, पण त्याच्या बायकोचा, कमळीचा, जीव तेव्हापासून थाऱ्यावर नव्हता. स्कूटरचा आवाज कानी येईपर्यंत तिची तव्यावरची भाकरी रोज करपायची.

मुलगी निधी बारावीला होती. अंतराळवीर कसे झोपतात ते तिने कॉलेजात ऐकलं आणि घरी येऊन आईला सांगितलं.

"तिथे दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो, आई. म्हणून ते सूर्याच्या नादालाच लागत नाहीत. खिडक्या झाकतात, झोपायच्या आधी दिवे मंद, तांबूस करतात आणि एकच घड्याळ धरून चालतात."

"आनि निजतात कुठं?"

"भिंतीला बांधलेल्या पिशवीत."

"तेवढं ऱ्हाऊ दे," कमळी म्हणाली. "बाकीचं करू."

तिने खिडकीला गोधडी ठोकली आणि आळीत सांगून आली, नथूला झोप येत नाही, त्याला हाका मारू नका. झालं, घोडं तिथेच पेंड खायला लागलं. या आळीत कुणाच्या दारावरून मुकाट जाणं म्हणजे भांडण असल्यासारखं. त्यात बिचाऱ्याला झोप येत नाही म्हटल्यावर विचारपूस नको? जो तो पायरीशी थांबून विचारी, "नथू, लागली का रं झोप?" आणि नथूही भला माणूस, आतून उत्तर देई, "नाय अजून."

शेवटी कमळी भाजी निवडायला ओट्यावर बसू लागली. येणाऱ्याला दुरूनच हाताने गप्प राहायची खूण करायची. आणि खरंच, नथू घोरायला लागला. ते घोरणं ऐकून तिला इतकं बरं वाटलं की तीच भिंतीला टेकून पेंगली.

पण रविवारी नथूने सगळ्यावर पाणी ओतलं. सुटीचा दिवस म्हणून सकाळीच बाजार केला, दुपारी सगळ्यांसोबत बोय माशांचं कालवण जेवला, दिवसभर जागला. मंगळवारी सकाळी पाळीवरून आला तो झोकांड्या खात.

"बाबा, ते लोक सुटीलाही शक्यतो झोपेची वेळ मोडत नाहीत," निधी म्हणाली.

नथू कधी आवाज चढवत नसे. आताही हळूच म्हणाला, "आठवड्यातून एकदा तुमच्या पंगतीला बसतो. तेवढं पन नको?"

कमळीला गलबलून आलं. नवरा धड घरी यावा म्हणून ती त्याला घरातूनच उठवत होती की काय? तो निजल्यावर तिने निधीला विचारलं, "वर गेलेल्यांसाठी खाली कोन जागतं का?"

"हो, माणसं आळीपाळीने जागी असतात. त्यांच्या कामाच्या वेळा वरच्यांसाठीच ठरवलेल्या."

पुढच्या रविवारी नथू निधीचं ऐकून सकाळीच निजला. दुपारी कमळीची चूल थंड होती. शेजारची जाऊ रोशनी येऊन चिडवून गेली, "आज उपास का गं?" कमळी नुसती हसली. निधीच्या हातावर एक केळं ठेवलं आणि उन्हं कलल्यावर कालवणाला हात घातला.

नथू उठून बाहेर आला तो तोंड पाडूनच. मग त्याला तीन कोरी ताटं दिसली आणि वाफाळता भात.

"तुमी जेवला नाय?"

"जेवू कसं?" कमळी म्हणाली. "दुपार तर आता झाली."

नथू खाली बसला, कालवणाचं भांडं ओढलं आणि पहिल्यांदा तिचं ताट वाढलं.