माघारी आलेला इलेक्ट्रॉन

स्वरूपाच्या उमेदीची वर्षं एका लालभडक पावडरीत गेली. दिल्लीतल्या एका संस्थेत ती रसायनशास्त्रज्ञ होती. तीही प्रोजेक्टवर, म्हणजे प्रोजेक्ट असेपर्यंतच. नवरा सुधन्वा केंद्र सरकारात, म्हणून लक्ष्मीबाई नगरातलं क्वार्टर तेवढं पक्कं.

पावडर म्हणजे लोखंडाचं एक संयुग. त्यावर प्रकाश पडला की लोखंडाचा इलेक्ट्रॉन उडी मारून रेणूतल्या शेजारच्या अणूंच्या कड्यावर जायचा. तो तिथे जरा टिकला, तर सौर घटांत महागड्या धातूंऐवजी साधं लोखंड चाललं असतं. पण लोखंडाचे इलेक्ट्रॉन टिकत नाहीत, पापणी लवायच्या कितीतरी आधी माघारी येतात. स्वरूपाचा टिकत होता. निदान तिच्या लेझरच्या मोजणीत तसं दिसायचं. त्या भरवशावर तिने शोधनिबंध लिहिले, पुण्याची नोकरी नाकारली.

खात्री करायची तर क्ष-किरणांचे अतिशय तोकडे झोत हवेत. प्रकाश पडताक्षणी लोखंडात काय घडतं, ते त्यांनी थेट टिपता येतं. तसं यंत्र परदेशात होतं. अर्ज करकरून अखेर वेळ मिळाली आणि नेमकं त्याच आठवड्यात सासूबाईंचं ऑपरेशन निघालं. तिच्याऐवजी सहकारी केतकी तिकडे गेली.

प्रयोग सुरू झाल्यावर एका दुपारी केतकीचा व्हिडिओ कॉल आला. दिल्लीत बाहेर धुरकं, खिडक्या बंद.

"स्वरूपाताई, आलेख पाहिलात?"

"बघतेय."

"लोखंडाने इलेक्ट्रॉन परत घेतलाय. लगेचच."

"सॅम्पल खराब असेल. बदलून बघ."

"दोनदा बदललं. बिल्कुल तसंच येतंय."

स्वरूपा आलेखाकडे बघत राहिली. लेझरने टिपलेला तिचा जुना संकेत खोटा नव्हता, तिने त्याचा अर्थ चुकीचा लावला होता. टिकून राहत होती ती इलेक्ट्रॉन परतल्यावरची, रेणूतले बंध ताणलेली अवस्था. सौर घटाला तिचा काडीचा उपयोग नव्हता.

"हे आत्ताच छापायला हवं का?" सुधन्वाने जेवताना विचारलं. "प्रोजेक्टच्या मुदतवाढीची मीटिंग होऊन जाऊ दे ना."

"माझ्या निबंधांवर लोक काम करतायत रे. बंगळूरला एक मुलगी त्यावरच पीएचडी करतेय."

"आणि तू काय करणार?"

तिने ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडला.

निबंध छापून आला. समितीने तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि मुदतवाढ नाकारली. आता ती नोएडाच्या एका खासगी कॉलेजात पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स घेते. मेट्रोत बसायला जागा मिळाली तर डोळे मिटून घेते.

परवा बंगळूरच्या त्या मुलीचा, शिवांगीचा, मेल आला. नमस्कार नाही, काही नाही. 'तुमचा नवा निबंध वाचला. माझी चार वर्षं गेली.' खाली नाव आणि नंबर.

स्वरूपाने कॉलेजच्या जिन्यातूनच फोन लावला. "शिवांगी, मी स्वरूपा बोलतेय," एवढंच तिला म्हणता आलं. पलीकडून रडू ऐकू आलं. स्वरूपाने फोन ठेवला नाही. वर प्रयोगशाळेच्या दारात मुलं ताटकळत होती.